गुरुवारी बरा होणारा हात

भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. हातांना इसब झालेल्या एखाद्या मशीन ऑपरेटरला विचारून पाहावं, सगळ्यांत बरं कधी वाटतं? गुरुवारी रात्री, असं उत्तर येतं, नाहीतर दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा, असं. कामावर परतल्यावर चार-दोन पाळ्या भरतात न भरतात तोच बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, पाण्याचे बारीक फोड येतात, मग कातडी कडक होऊन चिरते. सुट्टीत बरा होणारा आणि हजेरी लागली की बिघडणारा आजार आपलं कारण स्वतःच सांगत असतो. तरीही तो माणूस वर्षानुवर्षं मेडिकलमधून ट्यूब आणून लावत राहतो आणि आपल्या अंगातच उष्णता आहे, असं समजून चालतो.

इसब असलेल्याला आपण सगळे एकच सल्ला देतो: त्रास देणाऱ्या वस्तू टाळ. सल्ला बरोबर आहे. पण टाळायला दोन गोष्टी हाताशी लागतात. वस्तूत काय घातलंय ते कळावं लागतं आणि ती वस्तू नाकारण्याची मोकळीक असावी लागते. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात ज्यांचे हात चिरतात, त्यांच्यापाशी बहुधा या दोन्हींपैकी एकही नसते. म्हणून टाळण्याचं काम त्या एकट्या माणसावर सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. ते जितकं त्याचं आहे, त्याहून अधिक कारखानदाराचं, साबण विकणाऱ्याचं, दवाखान्याचं आणि कायदा राबवणाऱ्यांचं आहे.

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? कपडे धुणाऱ्या बायकांच्या हातांना क्षाराच्या पाण्याने पडणाऱ्या भेगाही त्यांनी नोंदवून ठेवल्या. सव्वातीनशे वर्षं होत आली, तरी आपल्याकडच्या घाईच्या तपासणीत हा प्रश्न अर्धाच विचारला जातो. 'कंपनीत आहे' एवढ्यावर विषय संपतो. कुठल्या खात्यात, कुठल्या मशीनवर, हात कशात भिजतात, ते कशाने पुसता, घरी कशाने धुता, हे विचारायचं राहून जातं, आणि उपचार तर नेमका तिथूनच सुरू व्हायला हवा.

त्वचेचा सगळ्यांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा आणि त्यांच्यामधली चरबी हा चुना. काहींची ही भिंत जन्मापासूनच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातल्या दोषाशी लहानपणापासूनच्या इसबाचा संबंध स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिला. बाकीच्यांची भिंत आपण कामाने आणि सवयींनी झिजवतो. त्वचा किंचित आम्ल असते, तिचा पीएच साधारण ५. वडीचा साबण ९ ते १० च्या घरात, आणि धुण्याचा सोडा त्याच्याही वर. पाणी, साबण, पाणी, साबण असं दिवसातून वीस वेळा झालं की कुणाचीही कातडी हार मानते. त्याला ॲलर्जी असावी लागत नाही. ॲलर्जीचं इसब वेगळं. तिथे शरीर एखादा विशिष्ट पदार्थ ओळखून ठेवतं आणि पुढे तो अगदी थोडा लागला तरी खवळतं, आणि ही ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही. दोन्ही इसबं दिसायला सारखीच, आणि एकाच हातावर दोन्ही असू शकतात. आधी पहिलं येतं, त्याने भिंतीला भगदाड पडतं आणि त्यातून दुसरं आत शिरतं.

या पट्ट्यात भगदाड पाडणारी मुख्य वस्तू म्हणजे कूलंट. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग मोटारी आणि स्कूटरी आल्या आणि त्यांच्यामागे सुटे भाग बनवणारी हजारो लहान वर्कशॉप्स. आज भोसरी, तळवडे, कुरुळी, निघोजे, महाळुंगे इथल्या शेडमध्ये सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवर धातू कापताना पात्यावर पांढरट, दुधासारखं पाणी सतत सोडलेलं असतं. तेल, पाणी एकजीव राखणारे पदार्थ, गंजरोधक आणि जंतुनाशक यांचं हे मिश्रण बहुधा ५ ते १० टक्के मापाने पाण्यात कालवतात. ते अल्कधर्मी असतं, पीएच ९ च्या आसपास. मशीन तापतं, पाणी उडून जातं, मिश्रण घट्ट होत जातं. वेळच्या वेळी मोजून पाणी घातलं नाही, तर सोमवारी पाच टक्के असलेलं कूलंट शनिवारी कितीतरी कडक झालेलं असतं. त्यात धातूचा बारीक बुरा तरंगतो आणि तो कातडीवर न दिसणारे ओरखडे काढतो. मिश्रधातूतलं निकेल आणि कोबाल्टही त्यात उतरतं. जॉब काढायला, लावायला, गेज लावून मापायला हात दर दोन-तीन मिनिटांनी त्याच ओल्यात.

पाळी संपल्यावरची गत आणखी वाईट. काळे, तेलकट हात साध्या साबणाने निघत नाहीत. मग थिनर, डिझेल, रॉकेल, किंवा कपडे धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा एकत्र करून खसाखसा चोळणं. दिवसभर जे उरलं ते इथे संपतं. त्वचेसाठी सगळी पाळी जितकी वाईट, तितकीच ही शेवटची पाच मिनिटं वाईट असतात, असं मला वाटतं. आणि ती बदलणं अगदी स्वस्त आहे: नळाजवळ हात धुण्याची सौम्य पेस्ट, कोरडं स्वच्छ फडकं आणि नंतर लावायला एखादं साधं मलम. एवढ्याने कुठल्याच कारखान्याचा ताळेबंद बिघडत नाही.

इथे सुपरवायझरचं नेहमीचं उत्तर येतं: हँडग्लोव्हज दिलेत, पोरंच घालत नाहीत. या उत्तरात अर्धंच सत्य आहे. फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथवर हातमोजा घालणं धोक्याचं असतं, मोजा अडकला तर बोट आत ओढलं जातं, आणि सुरक्षेचा नियमच तिथे मोजे नकोत असं सांगतो. जिथे चालतात तिथे कूलंट मनगटातून आत शिरतं आणि मग घाम आणि कूलंटच्या पिशवीत हात आठ तास भिजत राहतो. शिवाय रबर पक्कं करायला वापरलेली थायुरामसारखी रसायनं स्वतःच ॲलर्जीची ठरलेली कारणं आहेत. मोज्यांनी इसब वाढलं असं सांगणारा कामगार कामचुकार असतोच असं नाही. खरा उपाय मशीनच्या बाजूला आहे: शिंतोडे अडवणारी झाकणं, जॉब उचलायला चिमटा, रिफ्रॅक्टोमीटरने रोज तीव्रता मोजलेलं आणि वेळेवर बदललेलं कूलंट.

आता कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊ, कारण इसब हजेरीपत्रक पाहून थांबत नाही.

कूलंट सडू नये म्हणून त्यात जी जंतुनाशकं घालतात, त्यांत आयसोथायझोलिनोन नावाचं एक कूळ आहे. रंग आणि कूलंट अशा औद्योगिक मालात ते आधीपासून होतं. याच कुळातलं मिथाइलआयसोथायझोलिनोन २००५ च्या सुमारास युरोपात सौंदर्यप्रसाधनांत एकट्याने वापरायला मोकळीक मिळाली आणि शाम्पू, क्रीम, वेट वाइप्स यांतून ते घरोघर गेलं. पुढच्या काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच्या ॲलर्जीची रीघ लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांनी त्याला 'वर्षातला ॲलर्जीकारक' ठरवलं. २०१७ पासून युरोपीय संघाने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून ते बाद केलं, धुऊन टाकायच्या प्रसाधनांत दहा लाखांत १५ भाग एवढीच मर्यादा घातली, आणि त्यानंतर तिथले रुग्ण कमी होत गेले. याचा चाकणला काय अर्थ होतो ते पाहा. ऑपरेटरला कूलंटमधून ॲलर्जी जडते आणि घरी शाम्पूच्या पुडीतून तीच जिवंत राहते. तो नोकरी बदलतो, तरी हात बरे होत नाहीत. मग सगळे म्हणतात, बघा, कंपनीचा दोष नव्हताच. कारखान्यातलं रसायन आणि न्हाणीघरातलं रसायन यांच्यात आपण आखलेली रेघ कातडीला ठाऊक नसते.

न्हाणीघर आणि मोरी यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे आपल्या हातात काहीतरी असतं. एका खोलीत चार-पाच पोरं राहतात तिथे अंगाला, कपड्यांना आणि ताटांना एकच वडी चालते. साबणाच्या वेष्टनावर टीएफएमचा आकडा असतो, ७६ टक्के म्हणजे पहिली प्रत. तो पाहून घ्यावा हे चांगलं, पण तो फक्त चरबीचं प्रमाण सांगतो. जास्त टीएफएमचा साबणही अल्कधर्मीच असतो आणि त्यातला सुवास तसाच राहतो. सुवास हा इसबाचा जुना वैरी. वेष्टनावर आपल्याला 'परफ्यूम' एवढा एकच शब्द दिसतो आणि त्याच्या आड डझनावारी पदार्थ असू शकतात. युरोपात २००५ पासून त्यांपैकी २६ ॲलर्जीकारक सुवास ठरावीक प्रमाणापुढे असतील तर नावानिशी छापावे लागतात, आणि २०२३ मध्ये ती यादी आणखी बरीच वाढवली गेली. भांड्यांचा साबण, फरशी पुसायचं द्रव, कपड्यांची पावडर यांच्या पाठीवर आपल्याकडे 'हातांना सौम्य' असा दावा सहज सापडतो, घटकांची पूर्ण यादी मात्र शोधून सापडत नाही. जे छापलेलं असतं ते इंग्रजीत आणि भिंगाने वाचावं लागेल इतकं बारीक. परभणीहून आलेल्या ट्रेनीने यातून काय टाळायचं?

मोशी, चिखली, पुनावळेकडच्या सोसायट्यांत बोअरवेलचं आणि टँकरचं जड पाणी हा आणखी एक विषय. शहरात २०१९ च्या अखेरीपासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे टँकर हा अनेक ठिकाणी रोजचाच पाहुणा. जड पाण्यात साबण फेसत नाही, म्हणून जास्त लावला जातो, आणि त्याची साय अंगावर बसते. म्हणून पाणी मऊ करायचं महागडं यंत्र घ्यावं का? ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर हा प्रयोग नीट करून पाहिला गेला. २०११ मध्ये निष्कर्ष आले: यंत्राने इसब कमी झालं नाही. ते पैसे वाचवावेत. साबण कमी, आंघोळ थोडक्यात आणि कोमट पाण्याची, आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल, यात खर्च थोडा आणि गुण जास्त. दिवाळीचं उटणं, कितीही प्रेमाने दळलेलं असलं, तरी चिरलेल्या कातडीवर घासू नये.

'आम्ही केमिकल वापरत नाही, सगळं नैसर्गिक' असं अभिमानाने सांगणाऱ्यांशी मला इथे वाद घालायचा आहे, आणि पुण्याइतका चांगला पुरावा जगात दुसरा नसेल. १९५० च्या दशकात पुण्यात एक परदेशी तण दिसू लागलं. १९५६ च्या सुमाराची त्याची नोंद आहे. आयात गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी ही त्याचीच नावं. १९७४ मध्ये लोणकर, मिशेल आणि कॅलनन या तिघांनी त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. सुकलेल्या झाडाचे कण वाऱ्यावर उडतात आणि चेहरा, पापण्या, मान, कोपराची लवण अशा उघड्या जागी चिघळणारं इसब उठतं. त्यातल्या पार्थेनिनसारख्या रसायनाला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती, ते झाड स्वतःच बनवतं. आजही एमआयडीसीच्या मोकळ्या भूखंडांवर, रस्त्यांच्या कडेला, इंद्रायणीच्या काठाने पावसाळ्यानंतर ते कमरेएवढं वाढतं. नैसर्गिक असणं आणि निरुपद्रवी असणं यांचा काही संबंध नाही. लसूण सोलणाऱ्या खानावळवालीच्या बोटांची टोकं विचारा.

आणि या तणापासून एकट्याने दूर राहून दाखवा! पहिल्या पाळीला सायकलवरून जाणारा माणूस वारा कसा टाळणार? तिथे भूखंडाच्या मालकाने आणि पालिकेने फुलं येण्याआधी तण उपटणं, उपटणाऱ्यांना अंगभर कपडे देणं, एवढाच मार्ग. गाजरगवताबाबत आपण हे सहज मान्य करतो. कूलंटबाबत तेच तर्कशास्त्र का नाकारायचं?

काहीजण म्हणतील की लहान वर्कशॉपवाला आधीच मोठ्या कंपनीच्या भावाच्या दबावाखाली आहे, त्याच्यावर आणखी ओझं कशाला. ही अडचण खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. पण मोठी कंपनी त्याच वर्कशॉपकडून मायक्रॉनपर्यंतचं माप, गुणवत्तेची प्रमाणपत्रं आणि तासाच्या हिशोबाने पुरवठा मागते आणि ते सगळं मिळवते. त्याच तपासणी-यादीत कूलंटच्या मापाची आणि हात धुण्याच्या सोयीची एक ओळ ती घालू शकते. वस्तूच बदलली की रोग हटतो, याचा दाखला सिमेंटचा आहे. ओल्या सिमेंटमधल्या क्रोमेटमुळे गवंड्यांना असाध्य इसब होत असे. डेन्मार्कने १९८० च्या दशकात सिमेंटमध्ये लोहाचं सल्फेट मिसळायला सुरुवात केली. त्याने क्रोमेट निष्प्रभ होतं, आणि बांधकाम कामगारांमधली ती ॲलर्जी कमी झाली. २००५ पासून युरोपीय संघात दहा लाखांत २ भाग ही मर्यादा आहे. त्यासाठी एकाही गवंड्याला लेबल वाचावं लागलं नाही.

आपल्या कायद्यात हे सारं नव्याने लिहायचीही गरज नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, रसायनं आणि रंग यांच्या संपर्काने होणारा त्वचारोग नावानिशी होता. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-अ आलं आणि आपल्या आरोग्याविषयीची माहिती मालकाकडून मिळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही त्या व्याख्येत कामगारच. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या नव्या संहितेत रोगांची यादीही आहे आणि माहितीचा हक्कही. कामगार विमा कायद्याच्या यादीतही कामामुळे होणारे त्वचारोग होते. पण हाताचं इसब कळवलंच जात नाही. कंत्राटी मुलगा ते लपवतो, कारण हात दाखवला तर उद्या दुसरा मुलगा उभा राहील अशी त्याला भीती. डॉक्टर 'डर्मटायटिस' लिहून मोकळे होतात, त्यामागचं काम लिहीत नाहीत. कळवलेले रुग्ण नसले की रोगच नाही असं दिसतं.

मग उरते मेडिकलची ट्यूब. त्यात बहुधा तीन औषधं एकत्र असतात: तीव्र स्टिरॉइड, बुरशीवरचं आणि जंतूंवरचं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. महिन्यांनी कातडी कागदासारखी पातळ होते, म्हणजे भिंत आणखी कच्ची. त्यातल्या निओमायसिनसारख्या औषधाचीच ॲलर्जी जडलेले रुग्णही असतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही, डॉक्टरांनी नेमकं मोजून दिलं तर इसबात ते लागतंच. वाईट आहे ते कारण न शोधता वर्षानुवर्षं लावत राहणं.

इथपर्यंत मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना निदान नावाला तरी कायदा आहे. वाकड, पिंपळे सौदागर, रावेतच्या इमारतींत सकाळपासून पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईला तोही लागू होत नाही. पाच घरांत पाच वेगळे साबण, कुठे पावडर, कुठे द्रव, कुठे ॲसिड मिसळलेलं फरशीचं पाणी, आणि मधल्या वेळात हात कोरडे व्हायलाही फुरसत नाही. तिचं कामाचं ठिकाण म्हणजे आपलं स्वयंपाकघर आणि तिचे मालक आपण. इथे सरकारची वाट पाहायचं कारणच नाही. तिच्या बोटांकडे एकदा नीट पाहावं. तीव्र पावडर बंद करावी, आत सुती मोजा घालता येईल असा सैल रबरी हातमोजा आणून द्यावा, ॲसिडची बाटली घरातून काढावी, आणि हात चिरलेले असतील त्या आठवड्यात भांडी आपण घासावीत, तिचा पगार न कापता. मी हे मागणं भीड न ठेवता करतो आहे, कारण वाचकांतल्या पुष्कळांच्या घरी ती आज सकाळीच येऊन गेली असेल.

कामगारासाठी मात्र एक गोष्ट संस्थेनेच करायची आहे, ती म्हणजे पॅच टेस्ट. संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढे आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या ऑपरेटरला हे सुट्टीशिवाय शक्य नाही, आणि तीन फेऱ्या म्हणजे कंत्राटी माणसाचे तीन दिवसांचे पैसे. म्हणून मोहननगरचं कामगार विमा रुग्णालय आणि संत तुकारामनगरचं वायसीएम रुग्णालय या दोन्ही ठिकाणी हातांच्या इसबासाठी ठरावीक दिवस असावा, आणि त्या तीन दिवसांची पगारी रजा चिठ्ठीवर मिळावी. तपासणी तयार संचावर थांबू नये. रुग्णाच्या मशीनमधलं कूलंट, त्याचा हातमोजा, त्याची हात धुण्याची पावडर हेही योग्य त्या प्रमाणात विरळ करून तपासलं जावं. त्यासाठी डॉक्टरांना घटकांची नावं लागतील, त्यांतली बरीचशी कूलंटच्या सुरक्षा-माहितीपत्रकात असतात, आणि ते पत्रक कंपनीच्या स्टोअरमधल्या फायलीत बहुधा पडलेलंही असतं. ते मराठीत आणि हिंदीत करून ड्रमशेजारी लावावं. ज्याला आज हाताला भेगा आहेत त्याने आपल्या मशीनवरच्या ड्रमवरचं पूर्ण नाव उतरवून घ्यावं, भेगांचा फोटो सुट्टीच्या दिवशी एक आणि कामाच्या शेवटच्या दिवशी एक असा काढावा, आणि त्वचेच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांनी विचारायच्या आधीच आपण काम काय करतो ते सांगायला सुरुवात करावी.